चाळिशीत गेमचा वेग टिकवायचा कसा

मोबाइल, पीसी किंवा कन्सोलवरच्या गेममध्ये समोरचा दिसला, बोट पडलं, तरी आधी आपणच गेलो, असं वरचेवर व्हायला लागलं की माणूस पहिला दोष वयाला देतो. वयाचा वाटा आहेच. पण तो नेमका किती आहे हे आकड्यात बघितलं, तर मेहनत कुठं करायची ते कळतं.

अमेरिकेत बाल्टिमोरला माणसाच्या वाढत्या वयाचा दीर्घ अभ्यास कित्येक दशकं चालू आहे. त्यातून १९९४ साली पुढं आलेली गोष्ट अशी: इशारा मिळाला की बटण दाबायचं, एवढी साधी प्रतिक्रिया विशीनंतर दरवर्षी सुमारे अर्ध्या मिलिसेकंदानं मंदावते. दाबायचं की नाही हे आधी ठरवून मग दाबायचं असेल, तर दरवर्षी सुमारे दीड मिलिसेकंद जातो. म्हणजे पंचविशी ते पंचेचाळिशी या वीस वर्षांत साध्या प्रतिक्रियेत १० आणि निवड करायची असेल तिथं ३० मिलिसेकंदांच्या आसपास नुकसान. आता हे शेजारी ठेवून बघा: गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारी सेटिंग) बंद असलेला टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद सहज खातो. ब्लूटूथ इअरबडवर पावलांचा आवाज १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा येतो. वीस वर्षांनी जेवढं नेलं, त्याच्या कित्येक पट एक चुकीची सेटिंग नेते.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचा, २०१४ चा. स्टारक्राफ्ट २ हा संगणकावरचा युद्धाचा गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांचे खेळ त्यांनी तपासले. वेगाची घसरण २४ व्या वर्षापासूनच सुरू झालेली दिसली. पण वयानं मोठे खेळाडू साधी चाल निवडून आणि शॉर्टकट जास्त चांगले वापरून ती भरून काढत होते. आमचं सांगणंही तेच आहे. बोट पळवायच्या नादाला लागू नका. यंत्रातला उशीर काढा, डोळे आणि झोप नीट करा, आणि निर्णय आधी घ्यायला शिका.

आधी पट्टीनं मोजा

शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. टेबलाजवळ बसा, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवा, बोटं बाहेर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन सेंटिमीटरची फट ठेवा. घरातल्या कुणालातरी पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा, शून्याची खूण तुमच्या बोटांच्या वरच्या कडेशी. त्यांनी न सांगता, एक ते पाच सेकंदांत कधीही सोडायची. पकडलीत की बोटांच्या वरच्या कडेशी कुठला आकडा आला तो लिहा.

पट्टी १० सेंटिमीटरला पकडली तर १४३ मिलिसेकंद, १५ ला १७५, २० ला २०२, २५ ला २२६. पूर्ण निसटली तर २४७ च्या पुढं. हे गणित नुसतं गुरुत्वाकर्षणाचं आहे, त्यात स्क्रीन नाही, वायफाय नाही, म्हणून ते प्रामाणिक आहे.

वीस वेळा करा. पहिले पाच हात बसायला सोडून द्या. उरलेले पंधरा आकडे लहान ते मोठे असे लावून मधला, म्हणजे आठवा घ्या. सगळ्यात चांगला आकडा धरून बसू नका, तो नशिबाचा असतो. चौथा आणि बारावा आकडा यांतलं अंतरही लिहून ठेवा. वयाबरोबर हा पसाराही वाढतो: एकदा झटकन हात पडतो, पुढच्या वेळी पडतच नाही. झोप अपुरी झाली की पहिल्यांदा हा पसारा फाटतो, मधला आकडा नंतर.

चुका ठरलेल्या आहेत. सोडणारा एका ठेक्यात सोडतो आणि तुम्ही ठेका पकडता. तुम्ही पट्टीऐवजी सोडणाऱ्याची बोटं बघता. किंवा मनगट टेबलावरून उचलून हात पट्टीबरोबर खाली नेता. पाच सेंटिमीटरच्या आत पकडली गेली तर तो अंदाज समजून खोडा. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल झाली की फॉल्स स्टार्ट धरतात, त्याचं कारण हेच.

मग ब्राउझरमध्ये रंग बदलला की टॅप करायची चाचणी मिळते, ती तुमच्या फोनवर, लॅपटॉपवर आणि टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर एकाच बैठकीत वीस-वीस वेळा घ्या. माणूस तोच, वेळ तीच, त्यामुळं तीन आकड्यांतला फरक बहुतांश यंत्रांचा. तो ३० मिलिसेकंदांहून जास्त निघाला, तर आधी यंत्राकडं बघा.

वीस वेळा कसे मेलात ते लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आमच्या मते सगळ्यात कामाची हीच आहे.

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या बंदुकीच्या मोबाइल गेममध्ये डेथ रिप्ले, म्हणजे आपण कसे मेलो ते दाखवणारा व्हिडिओ असतो. पीसीवर विंडोजचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं, की मेल्यावर विंडोज, ऑल्ट आणि जी ही तीन बटणं एकत्र दाबून शेवटचे तीस सेकंद साठवता येतात. अशी वीस मरणं जमवा आणि प्रत्येकाला तीनपैकी एका खात्यात टाका.

पहिलं खातं: तो तुम्हाला दिसलाच नाही. पाठीमागून आला, किंवा समोर होता पण नजर कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, म्हणजे मिनीमॅपवर होती, नाहीतर झुडपाच्या रंगात मिसळला होता. दुसरं खातं: दिसला, पण हात उशिरा हलला. तिसरं: हात वेळेवर हलला, गोळी मात्र बाजूनं गेली किंवा भलतंच बटण दाबलं गेलं.

दुसऱ्या खात्यातली मरणं फ्रेमनं मोजा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई हे बटण दाबलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकतो. शत्रूचा खांदा पहिल्यांदा दिसला तिथून तुमचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) हलायला लागला तिथपर्यंत फ्रेम मोजा. रेकॉर्डिंग ६० एफपीएसचं, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमचं असेल तर एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ३० चं असेल तर ३३. पंधरा फ्रेम आल्या तर २५० मिलिसेकंद झाले, म्हणजे काही बिघडलेलं नाही. चोवीस-पंचवीस फ्रेम आल्या तर ४०० च्या वर गेलात. पट्टीवर २०० ला पकडणाऱ्या माणसाला ४०० लागले, तर वरचे २०० मज्जातंतूंचे नव्हेत. मारू का लपू, ग्रेनेड का बंदूक, असा मनात घोळ चालला होता, त्याचे ते आहेत.

आता वीसपैकी कुठल्या खात्यात जास्त पडली ते बघा. दिसलाच नाही असं खातं भरलं असेल तर डोळे, प्रकाश, आवाज आणि नकाशा वाचणं. दिसला पण उशीर झाला, तर निर्णय कमी करणं. नेम चुकला, तर सेन्सिटिव्हिटी (बोट किंवा माउस हलवला की नेम किती सरकतो ते) आणि बटणांची मांडणी. आपलं खातं माहीत नसताना तासन्‌तास एम ट्रेनर (नेमाच्या सरावाचं सॉफ्टवेअर) घोटत बसणं म्हणजे पोट दुखतंय आणि गुडघ्याला मलम.

यंत्रातला उशीर काढणं

पीसीवरची सगळ्यात नेहमीची चूक: १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पैसे मोजून आणला जातो आणि विंडोज तो ६० वरच चालवत राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथं जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. तिथं १४४ दिसतच नसेल तर केबल जुनी आहे किंवा चुकीच्या पोर्टला लावली आहे, डिस्प्लेपोर्टची केबल लावून बघा. ६० हर्ट्‌झला चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ ला ६.९ नी. गेममधला व्हीसिंक, म्हणजे चित्र मॉनिटरच्या लयीला बांधणारा पर्याय, बंद करा. माउसचा पोलिंग रेट, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा खबर देतो तो आकडा, १२५ वर असेल तर १,००० करा, त्यानं आठ मिलिसेकंदांची जागा एक घेतो. वायरलेस माउस डोंगलवर चालत असेल तर हरकत नाही, ब्लूटूथवर नको. आणि विंडोजच्या माउस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढून टाका. ते चालू असलं की हाताच्या वेगाप्रमाणं नेम कमी-जास्त सरकतो आणि हाताला सवय लागतच नाही.

टीव्हीवर कन्सोल असेल तर रिमोटवरून पिक्चर मोडमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. जुन्या टीव्हीत तो नसला तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव पीसी असं देऊन बघा, काही टीव्हीत चित्रावरची बरीचशी प्रक्रिया त्यानं थांबते. मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद. ‘चित्र थोडं फिकं वाटतंय’ म्हणून परत सिनेमा मोडवर जाऊ नका, एवढंच सांगणं.

फोनवर तीन गोष्टी. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ऑटोवर न ठेवता सर्वांत वरचा निवडा, आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा, कारण तो गुपचूप रेट खाली आणतो. बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स स्मूद आणि फ्रेम रेट फोनला झेपेल तेवढा वरचा. झेपणं म्हणजे अर्ध्या तासानंतरही टिकणं. ९० वर सुरू होऊन ५० वर आपटणाऱ्या फोनपेक्षा ६० वर ठाम राहणारा फोन बरा, कारण हात एका लयीला सरावतो आणि ती लय मधेच मोडली की प्रत्येक शॉटचा अंदाज चुकतो. तिसरी गोष्ट काचेची. जाड किंवा प्रायव्हसीवाली टेम्पर्ड ग्लास आणि तिच्या कडेनं गेलेली हवा यानं टच दाबूनही लागत नाही. पातळ ग्लास लावा आणि सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी वाढवायचा पर्याय असेल तर चालू करा. टच बूस्टर, रॅम क्लीनर असली ॲप काढून टाका, ती स्वतःच मागं चालत राहून फोन तापवतात.

तापण्यावरून: एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत, चार्जरला लावून, जाड कव्हरमध्ये फोन खेळवला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. कव्हर काढा, चार्ज आधी करून घ्या, पंख्याखाली बसा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये उलटी अडचण. आपल्याकडं झड लागली की चार-चार दिवस हवा ओली असते, बोटं दमट राहतात आणि स्वाइप अडखळतो. सुती रुमाल शेजारी ठेवा, प्रत्येक मॅचआधी बोटं आणि स्क्रीन दोन्ही पुसा. अंगठ्याला घालायच्या पातळ थंब स्लीव्ह मिळतात, पावसाळ्यात त्या घ्याव्यात. त्या मळल्या की टच धरत नाहीत, म्हणून दर आठवड्याला साबणानं धुऊन पूर्ण वाळवा.

पावसात लाइटही डोळा मारते. फोनची बॅटरी आहे म्हणून गेम चालू राहतो, पण राउटर बंद होऊन परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर मॅच संपलेली असते. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर छापलंय ते वाचा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर तो जळू शकतो. वायफाय ५ गिगाहर्ट्‌झच्या बँडवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्‌झ एका खोलीपलीकडं नीट पोहोचत नाही. तिथं पीसीला सरळ लॅन केबल ओढा. पिंगचा आकडा (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) सरासरीनं कमी असण्यापेक्षा स्थिर असणं जास्त महत्त्वाचं: कायम ६० परवडतो, ३० चा १५० होऊन परत ३० होणारा नाही.

आवाजासाठी वायरचे इअरफोन. कानानं ऐकून होणारी प्रतिक्रिया डोळ्यानं बघून होणाऱ्यापेक्षा साधारण ३० ते ४० मिलिसेकंद लवकर होते. म्हणजे वयानं नेलेलं जवळजवळ सगळं नुसत्या कानावर परत मिळू शकतं, आणि आपण ते ब्लूटूथवर घालवतो.

डोळे

वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात, ते उगाच नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं-लांबचं यांत नजर पटकन बदलत नाही. लांबचं बघून परत स्क्रीनवर आलात की क्षणभर चित्र धूसर राहतं, पहिल्या खात्यातली काही मरणं त्या क्षणाची असतात.

वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे ३५ ते ४० सेंटिमीटरसाठी असतो. मॉनिटर ५० ते ७० वर असतो. त्यामुळं तो चष्मा लावून पीसी खेळलात तर पुढं वाकता, मान आखडते. लांबचा-जवळचा नंबर एकाच भिंगात असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मधलं अंतर एका अरुंद पट्ट्यात असतं, मग हनुवटी वर करून खेळावं लागतं. उपाय सोपा आहे. नेहमीसारखे बसा, डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपनं मोजा, तो आकडा कागदावर लिहून डोळे तपासायला जाताना न्या आणि तेवढ्याच अंतरासाठीचा, एकाच नंबरचा चष्मा मागा. फोनवर खेळत असाल तर फोन धरता ते अंतर मोजा.

प्रकाशाचंही बघा. वय वाढलं की बाहुली लहान राहते आणि फिकट रंगांतला फरक कमी कळतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत खेळायची तरुणपणीची सवय आता तोट्याची. मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर मंद दिवा ठेवा आणि पाठीमागची ट्यूब बंद करा, ती स्क्रीनमध्ये दिसते. ब्राइटनेस वाढवा. व्हॅलोरंट या बंदुकीच्या गेममध्ये शत्रूच्या कडेचा रंग लालऐवजी पिवळा करता येतो. रंगांधळेपणा नसलेले कितीतरी खेळाडू तो वापरतात, कारण पिवळा बहुतेक पार्श्वभूमीवर उठून दिसतो. बीजीएमआयमध्येही कलर ब्लाइंड मोडचे पर्याय आहेत, ट्रेनिंग ग्राउंडवर एकेक लावून बघा.

झोप, जेवण, चालणं

सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला तिथं पोहोचतो. नोकरी-धंदा आवरून, पोरं झोपवून रात्री साडेअकराला रँक चढवायला बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रँकचे सामने शनिवार-रविवारी संध्याकाळी पाच ते आठमध्ये खेळा, तेव्हा शरीराचं तापमान वर असतं आणि हातही चपळ असतो. आठवड्यात रात्री खेळायचंच असेल तर सराव करा, रँक नको. सात तास झोप ही अट आहे, तिला पर्याय नाही.

चहा-कॉफीतलं कॅफिन अर्ध्या-एक तासात चढतं आणि पाच तासांनीही निम्मं अंगात असतं. खेळायच्या आधी अर्धा तास एक कप ठीक. रात्री नऊचा कप दुसऱ्या दिवशीचा खेळ नासवतो. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा ओरपून लगेच मॅचला बसू नका, दोन तास जाऊ द्या. सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन असलेली गोळी किंवा सिरप घेतलं असेल तर त्या दिवशी आकडे मोजूही नका, त्या औषधानं गुंगी येते.

व्यायामाचं थोडक्यात: आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला फेरी मारताना गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग हवा. त्याशिवाय बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात डोळा, निर्णय आणि हात तिन्ही एकत्र कामाला लागतात.

निर्णय आधी घेणं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच टायब्रेकरला गेली की गोलकीपरकडं नीट बघा. अकरा मीटरवरून ताशी ९० किलोमीटरनं मारलेला चेंडू ०.४४ सेकंदात गोलात येतो. चेंडू सुटल्यावर बघून, ठरवून, उडी मारून कोपरा गाठणं कुणालाच जमत नाही. चांगला कीपर मारणाऱ्याचा टेकवलेला पाय आणि कंबर बघून आधीच निघालेला असतो. गेममध्ये वयस्कर खेळाडूचा खरा आधार हाच.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली दाखवलं की पर्याय वाढतील तसा प्रतिक्रियेला लागणारा वेळ पायऱ्यापायऱ्यानं वाढतो: दोनाचे चार, चाराचे आठ पर्याय झाले की दर वेळी साधारण सारखीच एक पायरी चढते. म्हणून लढाईच्या क्षणी समोर दोनच पर्याय उरतील अशी तयारी आधी करा. कागदावर तीनच जर-तर लिहा आणि स्क्रीनखाली चिकटवा. उदाहरणार्थ बीजीएमआयसाठी: जिन्यात पाऊल ऐकू आलं तर दाराकडं नेम धरून थांबायचं, बाहेर डोकवायचं नाही. पहिली गोळी लागली तर आडोसा, उलट मारायचं नाही. दोघं दिसले तर जवळचा. दोन आठवडे हेच तीन. चौथा नियम सुचला तरी लिहू नका. तालमीत वस्ताद नव्या पोराला एकच डाव शेकडो वेळा घोटायला लावतो, तो याच हिशेबानं.

यातली एक गोष्ट जवळून बघू: कोपऱ्यावर नेम धरणं. बहुतेक जण क्रॉसहेअर दाराच्या चौकटीला चिकटवून ठेवतात. शत्रू पळत येतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा मीटर जातो. तुम्हाला २५० मिलिसेकंद लागत असतील तर तेवढ्यात तो सव्वा-दीड मीटर पुढं गेलेला असतो आणि तुम्ही मोकळ्या चौकटीवर गोळी मारता. नेम चौकटीपासून तेवढाच, म्हणजे सव्वा-दीड मीटर बाहेर, डोक्याच्या उंचीला ठेवा. तो चालत येईल असं वाटलं तर अंतर अर्धं करा. वय जास्त, प्रतिक्रिया जरा मंद, तर नेम जरा आणखी बाहेर, एवढाच बदल. तुमचं नेमकं अंतर ट्रेनिंगमध्ये मित्राला पन्नास वेळा कोपऱ्यातून पळायला लावून ठरवा.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. त्या प्रकारातल्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद खुलं आणि सात सेकंद बंद असतं. हात खाली ४५ अंशांत, खुणेनंतर वर आणि एक गोळी. कुठं मारायचं, कसं मारायचं हे खुणेआधीच ठरलेलं असतं. तीन सेकंदांत फक्त करायचं असतं.

फायटिंग गेममध्ये हीच गोष्ट फार स्वच्छ दिसते. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे ४३३ मिलिसेकंद. हे पट्टीच्या आकड्याच्या दुप्पट आहे, तरी लोक तो खातात, कारण त्या क्षणी मन उडीची किंवा थ्रोची वाट बघत असतं. ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या, म्हणजे सरावाच्या प्रतिस्पर्ध्याच्या, एका स्लॉटमध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट, दुसऱ्यात पुढं चालणं, तिसऱ्यात उडी रेकॉर्ड करा आणि ते आलटून-पालटून यादृच्छिक लावा. पहिले तीन दिवस फक्त इम्पॅक्टला उत्तर द्या, बाकी सोडून द्या. पन्नासपैकी पंचेचाळीस पकडले की उडीचं उत्तर जोडा. दोन्ही मिळून चाळीसच्या खाली आलात तर परत एकावर या. जपानचा खेळाडू टोकिडो २०१७ मध्ये इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकला तेव्हा ३२ वर्षांचा होता. विशीतल्या पोरांना त्यानं नुसत्या बोटांच्या वेगावर मागं टाकलं नव्हतं.

रेसिंग गेममध्ये नजर पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या वळणावर. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडूऐवजी बोलरचा हात आणि टप्प्याची खूण.

बोटं आणि रोजचा सराव

थंड बोटांतून मज्जातंतूचा संदेशही हळू जातो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खेळायच्या आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवा आणि कोरडे करा. मग दहा मिनिटं ट्रेनिंग ग्राउंड, त्यानंतर मॅच. थेट मॅचला उडी मारणाऱ्याची पहिली मॅच कायम वाया जाते.

दोन अंगठ्यांनी खेळत असाल तर उजवा अंगठा एकटाच नेमायला आणि झाडायला वापरता, आणि तिथं रांग लागते. डाव्या तर्जनीवर फायर बटण घेतलं, म्हणजे तीन बोटांची पकड, की ती रांग फुटते. पहिल्या आठवड्यात खेळ पडतो, हे ठरलेलं आहे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत रँक नसलेले सामनेच खेळा आणि मधेच जुन्या पकडीवर जाऊ नका. फायर बटण आधीपेक्षा मोठं करा, स्कोप आणि उडी यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवा. तिसऱ्या खात्यातली कितीतरी मरणं शेजारचं बटण दाबलं गेल्याची असतात.

सेन्सिटिव्हिटी बदलायची तर एका वेळी पाच-दहा टक्के, आणि मग किमान एक आठवडा हात लावायचा नाही. नेम लक्ष्याच्या पलीकडं जात असेल तर कमी करा, अलीकडं अडकत असेल तर वाढवा. रोज बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

सराव वीस-पंचवीस मिनिटांचा एक, मधे पाच मिनिटं उठून लांब बघणं, असे दोन. त्यापुढं थकलेला हात चुका पक्क्या करतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबा. तीन-चार दिवस विश्रांती देऊनही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा. बोटांना मुंग्या येत असतील, बधिर वाटत असतील आणि घरात मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या. काही दिवसांत अचानक वेग गेला, एका हाताचाच गेला, किंवा गेमबाहेरही वस्तू निसटायला लागल्या, तर तो गेमचा प्रश्न नाही, वेळ न घालवता दवाखाना गाठा.

सहाव्या आठवड्यात परत पट्टी घ्या, त्याच वेळी, त्याच टेबलावर. मधला आकडा फार हलणार नाही, पाच-दहा मिलिसेकंद सुधारला तरी खूप. चौथा आणि बारावा यांतलं अंतर मात्र कमी व्हायला हवं. ते तसंच असेल तर झोपेचा हिशेब परत बघा. मग नवीन वीस मरणं काढून खात्यांत टाका. दुसऱ्या खात्यातली तिसऱ्यात सरकली असतील तर निर्णय लवकर व्हायला लागलेत, आता सेन्सिटिव्हिटीला हात घाला. पहिलं खातंच अजून भरत असेल, तर चष्म्याचं अंतर पुन्हा टेपनं मोजा.